घाट उतरताना

दहिवलीतल्या आमच्या चाळीत त्यांना सगळे गार्डकाका म्हणतात. रेल्वेने 2022 मध्ये गार्डचं ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण काका त्याआधीच रिटायर झाले होते आणि मॅनेजर बँकेत बसतो, असं त्यांचं अजून म्हणणं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना खाटेवरून उठता येईना. खांदे आखडलेले, मांड्यांचं लाकूड झालेलं, सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. अकरा वाजले की जरा मोकळं वाटायचं. चाळीने निदान केलं, वात! निर्गुडीचा पाला झाला, तेल झालं. शेवटी रक्त तपासलं तर ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, नव्वदीत. डॉक्टर म्हणाले, पॉलिमायल्जिया रुमॅटिका. पन्नाशीनंतर होतो, उत्तर युरोपात जास्त. त्या दिवसापासून काका तेलवाल्यांना सांगू लागले, “आमचा वात नॉर्वेकडचा आहे.”

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं, रोज 15 मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी काकांनी गॅलरीतून हात पूर्ण वर करून काकूंना हिरवी झेंडी दाखवली. मग भूक लागली. अशी, की स्टेशनवरच्या वडेवाल्याने त्यांची आपुलकीने चौकशी सुरू केली. झोप उडाली ती वेगळीच. पहाटे तीनला काका जुना कंदील घासत बसायचे.

गोळी कमी करायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यातला गार्ड जागा झाला. भिंतीवर घाटातल्या स्टेशनांचा तक्ता लागला. 15 म्हणजे लोणावळा, साडेबारा खंडाळा, 10 मंकी हिल. तिथून पुढे महिन्याला एकच मिलिग्रॅम. “37 फुटांत एक फूट उतार आहे रे,” ते मला बजावत, “उतरताना घाई करणारा सरळ बेफाम गाड्या अडवणाऱ्या कॅच सायडिंगमध्ये जातो.”

आणि एकदा स्वतःच गेले. बरं वाटतंय म्हणून दहावरून थेट पाचावर! आठवड्यात सदऱ्याची बाही पुन्हा लांब पडली. डॉक्टर भडकले. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. गोळी एकदम तोडली तर त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. “म्हणजे ड्युटीवर झोप,” काका म्हणाले. हा गुन्हा त्यांना लगेच कळला. गाडी मुकाट मंकी हिलला परत.

आता रोज सकाळी काकू विचारतात, “डोकं ठणकतंय? दिसतंय नीट? चावताना जबडा दुखतो?” या आजारात यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. काका घाटातल्या आवाजात ओरडतात, “ऑल राइट!” समोरच्या बिल्डिंगला ऐकू जातं.

परवा एका पाहुण्याने विचारलं, “दोन वर्षं स्टिरॉइड? सोडून का देत नाही?” काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

सध्या गाडी जांबरुंगला उभी आहे, 4 मिलिग्रॅमवर. ईएसआरचा रिपोर्ट सोमवारी येईल.