गवतात काय बघायचं?

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची. मामा, मैंदर्गीतले किराणा दुकानदार, वय साठीच्या पुढं, पायमोजा उलटा करून कुसळं काढत बसलेत. प्रेक्षक दिसताच दचकतात.)

आलाव काय? बसा की ओ. एवढं एक कुसळ निघू द्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं लगेच दिसतं म्हणतात. स्वतःच्या मोज्यातलं बघा बरं दिसतं काय!

आमचा भाचा टेक्सासात असतो, ह्यूस्टनला. नाताळच्या सुट्टीत बायको-पोरगी घेऊन मैंदर्गीला आला. हुरडा खाल्ला, शेंगाची चटणी खाल्ली. कडक भाकरी हातात घेऊन म्हणतो, “मामा, ही मोडायची कशी?” म्हटलं, “गुडघ्यावर.”

मग म्हणतो, “मामा, इथं जवळ ट्रेल कुठंय?”

“रेल? रेल दुधनीला.”

“रेल नाही, ट्रेल! जंगलातून चालायचं.”

“चालत जायचं कुठं?”

“कुठंच नाही. लूप असतो. निघालो तिथंच परत यायचं.”

(प्रेक्षकांना) आता आमच्याकडं रस्त्यानं चालत निघालं की माणसं थांबवून विचारतात, “काय ओ, कुठं निघालाव? गाडी बिघडली काय?” नुसतं चालायलोय म्हटलं की घरी फोन जातो. आणि निघालो तिथंच परत येणं? ते आम्ही सरकारी कचेरीत करतो. या टेबलावरून त्या टेबलावर, संध्याकाळी पुन्हा पहिल्या टेबलावर. तोवर तिथला माणूस घरी गेलेला.

भाच्यानं समजावलं. तिकडं स्टेट पार्क असतं. दारात पैसे भरायचे, नकाशा घ्यायचा, झाडावर रंगाच्या खुणा असतात, त्या बघत चालायचं.

“पैसे भरून चालायचं?”

“हो.”

“आणि चुकलो तर?”

“चुकत नाही मामा, खुणा असतात ना.”

“मग पैसे कशाचे?”

म्हटलं, लूपच पाहिजे तर संक्रांतीपर्यंत थांब. सोलापुरात सिद्धरामेश्वरांची ६८ लिंगं आहेत. अंगात पांढरी बाराबंदी, नंदीध्वज पेलत माणसं प्रदक्षिणा घालतात. नकाशा नाही, तिकीट नाही. खुणेला ६८ देव उभे. चुकून दाखव!

“पण मामा, झाडं?”

(कपाळावर हात) यप्पा! सोलापूर जिल्ह्यात झाडं मागतो! इथं सावली पाहिजे तर माणूस दुसऱ्या माणसाच्या मागं जाऊन उभा राहतो. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? गाडी काढली. अक्कलकोटला स्वामींना हात जोडले, सोलापूर ओलांडलं, बार्शी रस्ता धरला आणि नान्नजला उतरलो. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य!

(भाच्याची नक्कल : टोपी सारखी करतो, पाठीवरची पिशवी आवळतो, काठी टेकतो, चारी बाजूंना बघतो.)

“मामा, जंगल कुठून सुरू होतं?”

वनरक्षक म्हणाला, “साहेब, तुम्ही जंगलातच उभे आहात.”

भाच्यानं खाली बघितलं. गुडघाभर गवत. वर बघितलं. आभाळ. मधे काहीच नाही.

चालायला लागलो. वनरक्षक सांगत होता, १९७९ साली हे अभयारण्य झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडं नगर जिल्ह्यातलं कर्जत, श्रीगोंदा. बघा, गावंच्या गावं आत! सकाळी अंगणात दात घासायला आलं की माणूस अभयारण्यात. गोठ्यात म्हैस, तीही अभयारण्यात. सगळे संरक्षित, पक्षी सोडून! पुढं ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. म्हैस सुटली.

आणि पक्षी कसा? मीटरभर उंच. नर १५ किलोपर्यंत. मी दुकानदार माणूस, वजन ऐकलं की आदर वाटतो. मादी बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक तर वजनदार, त्यात समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारा आल्या की आपटतो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं मत होतं, राष्ट्रीय पक्षी हाच करा. १९६३ साली मोर झाला. मोराचा पिसारा, नाच... प्रचारात हा कमी पडला. तसा यालाही प्रचार येतो, बरं का. (उठून, गळा फुगवून, छाती काढून डुलत चालतात.) मादी दिसली की नर गळ्याची पिशवी फुगवून असा हिंडतो. पुढारी व्हायला आणखी काय लागतं?

आता देशभरात दीडशेसुद्धा उरले नाहीत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. आम्हाला काळवीट दिसलं, चंडोल दिसला. माळढोक नाही.

भाचा हळहळला. “इथं झाडं लावली असती तर वाचले असते ना?”

वनरक्षक मटकन खाली बसला. “साहेब, झाडांनीच तर घात केला! दुष्काळाच्या दिवसांत इथली कुरणं राखली, चराई थांबवली, गवत वाढलं, म्हणून पक्षी टिकला. मग माळ दिसला की पडीक म्हणायचं, खड्डे घ्यायचे, ग्लिरिसिडिया लावायचा. माळढोकाला लांबचं दिसावं लागतं. लांडगा येतोय का हे झाडाआडून कसं कळणार?”

(विचार करत) १९५० पासून आपण वनमहोत्सव करतोय. गवताचा महोत्सव कुणी केला काय? रान म्हटलं की झाड, हे डोक्यात एवढं घट्ट बसलंय, की ज्याला झाड नको त्याच्याही डोक्यावर आपण झाड लावतो.

तेवढ्यात भाच्याच्या पोरीनं मोबाइल पुढं केला. “डॅडी, आपल्याकडं पण असा एक पक्षी आहे!” नाव अ‍ॅटवॉटर्स प्रेअरी चिकन. टेक्सासच्या किनाऱ्याजवळच्या गवतात राहणारा. त्याचाही नर गळ्याच्या पिशव्या फुगवून घुमतो. माळ नांगरले, घरं बांधली, एक टक्कासुद्धा गवत राहिलं नाही. १९७२ साली ईगल लेक गावाजवळ त्याच्यासाठी माळ राखून ठेवला.

मी विचारलं, “ह्यूस्टनहून किती लांब?”

“असेल तासाभराच्या रस्त्यावर.”

“बघितलास?”

भाचा काठीकडं बघत म्हणाला, “मामा... तिथं झाडं नाहीत ना.”

(हसू आवरत) सात समुद्रापलीकडं गेला, पण पोरगा आपलाच!

भाचा परत गेला. आणि गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं एक पुढारी आले. माळावर वृक्षारोपण! मी आडवा गेलो. म्हटलं, साहेब, झाडं शाळेत लावा, रस्त्याकडंला लावा, माझ्या दुकानासमोर लावा, पाणी मी घालतो. माळावर खड्डे घेऊ नका. गवत राखा.

साहेबांचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामा, रोप लावताना साहेबांचा फोटो चांगला येतो. गवत वाढलं तर साहेब दिसणारच नाहीत!”

(दोन्ही हात जोडून, प्रेक्षकांकडं वळत) मग तर ओ, गवत कमरेपर्यंत नको. चांगलं डोक्याच्या वर जाऊ दे!

(प्रकाश मालवतो.)