तात्यापाऱ्यातील रॅलीवीर

रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा अशा जुन्या मोहल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी घराण्यांना, आपला मूळपुरुष कोणत्या कामगिरीवर छत्तीसगडात आला असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते: तो बिंबाजी भोसल्यांच्या बरोबर घोड्यावर बसून आला. १७५८ च्या सुमारास बिंबाजींनी रतनपुरास बस्तान बसविले हे खरे, आणि त्यांच्या मागोमाग बरीच मराठी माणसे इकडे आली हेही खरे. परंतु परगण्यापरगण्यातून वसुलाचे हिशेब राखण्यासाठी कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशी जी लेखणीबहाद्दर मंडळी नेमली गेली, ती सगळीच निपुत्रिक वारली असावी. कारण आजमितीस रायपुरात भेटणारा प्रत्येक मराठी गृहस्थ बारगिराचाच खापरपणतू असतो. या काल्पनिक घोड्याची रग रक्तात वागविणारा, चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा, नोकरीत कायम, पोटाने किंचित सुटलेला आणि बँकेच्या हप्त्यांनी पुरता बांधलेला जो एक पुरुषवर्ग अलीकडे या शहरात निपजला आहे, त्याला मी रॅलीवीर म्हणतो.

रॅलीवीराचे वाहन मोठे नसते. मोठी वाहने सिलतरा-उरल्याच्या कारखानदारांपाशी असतात, आणि त्यांच्याविषयी त्याला मनापासून तुच्छता असते. त्याचा जीव जडलेला असतो तो मागे डिकीचा पसारा नसलेल्या, बुटक्या, पण देहमानाच्या हिशेबाने अंमळ जास्तच ताकदीचे इंजिन बाळगणाऱ्या हॅचबॅक गाडीवर. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली, २०२२ साली जिचे उत्पादन बंद पडले अशी फोक्सवॅगन पोलो त्याने दुसऱ्या हाताने विकत घेतलेली असते, आणि याच नावाच्या गाडीने सेबास्तियाँ ओजिए या फ्रेंच चालकाला २०१३ पासून ओळीने चार वेळा जगज्जेता केले, हा दाखला तो पाहुण्याच्या हाती चहाचा कप जाण्यापूर्वीच देऊन टाकतो. ती जगज्जेती पोलो चारही चाकांनी ओढणारी होती आणि हिच्याशी तिचे नाते आडनावापुरतेच आहे, हे पाहुण्याला ठाऊक नसते आणि यजमान सांगत नाही. तेथून स्वारी वळते ती मिनी कूपरकडे: १९६४ साली पॅडी हॉपकर्कने ती एवढीशी गाडी घेऊन मोंते कार्लोची रॅली कशी मारली, आणि १९६६ साली याच मिनी गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या असताना, पुढच्या दिव्यांचे बल्ब नियमात बसत नाहीत एवढ्या सबबीवर परीक्षकांनी तिन्ही बाद ठरवून सित्रोएनला विजयी कसे घोषित केले. हा भाग सांगताना रॅलीवीराचा कंठ दाटून येतो. मला मात्र त्या परीक्षकांविषयी गुप्त आदर वाटतो. असे निकाल आमच्याकडे जिल्हा कचेरीतील जुने शिरस्तेदार रोज देत असत.

अशा माणसाने एके दिवशी रजेचा अर्ज टाकून रॅली-चालनाच्या विद्यालयात दाखल व्हावे, हे क्रमप्राप्तच असते. या विद्येची पीठे दक्षिणेत. कोइमतूर हे भारतातील मोटारशर्यतींचे एक मोठे तीर्थक्षेत्र. तेव्हा आमचा वेगाचा उपासक बिलासपूरहून एर्नाकुलमला जाणाऱ्या आगगाडीत बसून, विजयवाड्यापर्यंत डब्यातील पुरणपोळ्या आणि पुढे नियतीवर हवाला ठेवून, तिकडे रवाना होतो. घरी त्याने ‘कंपनीचे ट्रेनिंग’ असे सांगितलेले असते, आणि घरच्यांनी तसा विश्वास ठेवल्याचे दाखविलेले असते.

विद्यालयात त्याचा पहिला तेजोभंग गाडी सुरू होण्यापूर्वीच होतो. उभा जन्म तो पाठ रेलून, एक कोपर खिडकीबाहेर काढून, सिंहासनस्थ मुद्रेने गाडी हाकत आलेला. आणि तेथील गुरू, वयाने त्याच्याहून धाकटा, त्याचे आसन पुढे ओढतो, पाठ सरळ करतो, खांदे टेकलेले असताना मनगट चक्राच्या माथ्यावर पोचले पाहिजे असे बजावतो आणि दोन्ही हात पावणेतीनच्या काट्यांप्रमाणे चक्रावर बसवून देतो. त्यानंतर डाव्या पायाने ब्रेक दाबण्याचा पाठ. ज्या पायाने आजवर क्लचखेरीज कशाला स्पर्श केला नाही, तो पाय ब्रेकवर येताच त्यालाही क्लच समजून तळापर्यंत रेटतो, गाडी जागच्या जागी थिजते, गुरुजी पट्ट्याला लोंबकळतात, आणि ‘हळू, सर, अंडे फोडायचे नाही’ अशा अर्थाचे काहीतरी तमिळमिश्रित इंग्रजीत म्हणतात.

पण शास्त्र मोठे सुंदर आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या गाडीत ओढण्याचा आणि वळण्याचा असा दुहेरी कारभार पुढच्याच चाकांकडे सोपविलेला असतो, ती मुरमाच्या वळणावर वेगात घातली, की चक्र कितीही फिरवा, तिचे नाक हट्टाने सरळच जाते. तेव्हा वळण लागण्याआधी ब्रेकला हलका स्पर्श करून गाडीचा भार पुढे झुकवावा. पुढच्या चाकांना पकड येते, पाठीमागचा भाग हलका होऊन बाहेरच्या अंगाला घसरू लागतो, आणि गाडी आडवी होऊन वळणाच्या मुखाकडे पाहते. त्या क्षणी भिऊन ॲक्सिलरेटरवरील पाय न काढता तो निश्चयाने दाबला, तर तीच पुढची चाके तिला ओढून सरळ करतात. वळण अगदीच आखूड असेल तर हातब्रेकचा एक झटका. या सर्वाला लागणारा वेळ, अनुभवी माणसाच्या हाती, एका आवंढ्याएवढा असतो. आमच्या रॅलीवीराला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदाच साधला, आणि त्याची चित्रफीत आजही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत फिरते.

“म्हणजे गाडी आडवी करायला तू पैसे भरून गेला होता?” चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात, १९३५ पासून चालत आलेल्या त्या संस्थेच्या सभागृहात, एका मावशींनी त्याला सर्वांसमक्ष विचारले. “आमचा दूधवाला तर फुकटात करून राहिला रोज.”

परतल्यानंतर त्याच्या प्रकृतीत जो पालट होतो, तो शेजाऱ्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट असतो. तो भरधाव सुटेल या भीतीने ज्यांनी मुलाबाळांना अंगणात बोलावून घेतले होते, त्यांना तो ताशी चाळीसने जाताना दिसतो. याचे निम्मे श्रेय विद्यालयास, कारण वेगाची मजा ही मोकळ्या सार्वजनिक रस्त्याची नव्हे, वाहतूक बंद करून आखून दिलेल्या टप्प्याची, हे तेथे पहिल्याच तासाला डोक्यात भरवले जाते. आणि निम्मे रायपूरच्या भूगोलास. धानाच्या या सपाट मुलखात वळण म्हणून काही नाही. नवा रायपूरचे रस्ते पाहावेत तर रुंद, गुळगुळीत आणि सरकारी उत्तरासारखे लांबच लांब. घाट हवा तर बस्तरच्या वाटेवर केशकालपर्यंत गेले पाहिजे, आणि तेथे ट्रकांची रांग तेलिन सतीच्या देवळापासून लागलेली. राहता राहिल्या गाई. पावसाळ्यात कोरड्या डांबरावर त्या जी बैठक मांडतात, तिच्यातून मार्ग काढण्यास मात्र जे कसब लागते ते कोइमतुरातही शिकवीत नाहीत.

वेग गेला, तरी विद्या उरते, आणि ती कुठेतरी ओतावीच लागते. रॅलीवीर उपदेशक बनतो. कोणाच्याही गाडीत बसला की यजमानाचे आसन मागे आहे, आरसा चुकला आहे, टायरमधील हवा अनुमानाने भरलेली आहे, असा पंचनामा सुरू होतो. “काका, नजर खड्ड्यावर नको, जायचं तिकडे ठेवा, गाडी नजरेच्या मागे जाते.” निवृत्त काका, ज्यांनी चाळीस वर्षे अपघाताविना स्कूटर चालविली, ते यावर उत्तर देत नाहीत, फक्त पुढच्या चौकात त्याला उतरवून देतात. गौरव गिलला २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारक्रीडेत तो पहिलाच, हे त्याने घरोघर सांगून झालेले असते. पण त्या गिलच्या डाव्या बाजूला बसून वर्षानुवर्षे टिपणे वाचणारा केरळचा मूसा शरीफ हे नाव तो घेत नाही. डाव्या बाजूला बसणारा माणूस त्याच्या इतिहासात बसतच नाही.

आणि नेमकी येथेच नियतीने मेख मारून ठेवलेली आहे. रॅली हा वस्तुतः कारकुनीचा खेळ आहे. टप्प्याटप्प्यावर ठाणी, प्रत्येक ठाण्यावर वेळपत्रिका, तिच्यावर शिक्का. आंतरराष्ट्रीय नियमांत तर ठाण्यावर एक मिनिट उशिरा पोचल्यास १० सेकंद दंड, पण एक मिनिट लवकर पोचल्यास पुरे एक मिनिट. उताविळाला आळशाच्या सहापट शिक्षा करणारा हा जाबता ज्याने लिहिला, तो माणूस फडणीशीत मुरलेला असला पाहिजे. हौशी लोकांसाठी ज्या वेळ-वेग-अंतराच्या रॅली भरतात, त्यांत तर ठरवून दिलेल्या सरासरीपेक्षा जोरात जाणे हाच गुन्हा.

अशा एका हौशी रॅलीत, मित्र ऐनवेळी आजारी पडल्यामुळे, रॅलीवीराच्या डाव्या बाजूला त्याची पत्नी बसली. वहिनी शाळेत गणित शिकवतात. मांडीवर मार्गपुस्तिका, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात पेन्सिल, नाकावर चष्मा. राजिमच्या दिशेने गाडी निघाली, आणि शहर मागे पडताच स्वारांच्या अंगात बिंबाजींचे बारगीर संचारले.

“तीस सांगितलंय. तुम्ही बेचाळीस चालले.”

“अगं, पुढे वेळ हाताशी राहील.”

“वेळ हाताशी ठेवायचा नसतो, जमा करायचा असतो. उजवीकडे चारशे मीटरवर हातपंप, मग डावं. सावकाश. हं, आता थांबा.”

“थांबू? इथे?”

“एक मिनिट दहा सेकंद आहेत आपल्याकडे. चिवडा घ्या.”

समोरून इतर स्पर्धक धुरळा उडवीत निघून जात होते, बांधावरून एक शेतकरी या रस्त्यावर मध्येच थांबून चिवडा खाणाऱ्या जोडप्याकडे कुतूहलाने पाहत होता, आणि ज्याला डाव्या पायाने ब्रेक मारता येतो असा आपल्या गल्लीतील एकमेव पुरुष, हातब्रेक लावून, दाणे वेचून खात होता. त्यांचा दुसरा क्रमांक आला. पहिला क्रमांक एका निवृत्त लेखापरीक्षकाच्या गाडीचा.

गल्लीतील गणेशोत्सव मंडळाने या यशाबद्दल सत्काराचा ठराव केला, आणि सूचनाफलकावर चिकटविण्यापूर्वी त्याची नक्कल रॅलीवीराच्या अवलोकनार्थ पाठविली. तीत वहिनींचे नाव पूर्ण, पदवीसकट होते. पुढे कंसात, ‘सोबत चालक’. ‘चालक’ खोडून तेथे ‘रॅली-चालक’ लिहावे, असा लेखी अर्ज त्याने त्याच संध्याकाळी सादर केला. हस्ताक्षर सुरेख होते, मुद्दे क्रमाने मांडलेले होते, आणि खाली तारीख टाकून त्याने पोच मागितली.