आमचा हरित कारभार

करसल्लागाराकडे लोक तसेही घाम पुसतच येतात. रिटर्नची तारीख तोंडावर आलेली असते, कागद अपुरे असतात. त्यात आमची खिडकी पश्चिमेची. खिडकी म्हणायची इतकंच, खरं म्हणजे ती भिंतच. आमचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं तेव्हा पुण्यातल्या बिल्डरांना काचेचं खूळ लागलं होतं. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. एप्रिलात दुपारी तीननंतर तिच्याजवळ ठेवलेलं स्टँप पॅड संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतं.

हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग एका क्लायंटच्या नव्या ऑफिसच्या वास्तुशांतीला गेलो. तिथे झाडांची भिंत, बांबूचं छत आणि दारात ‘पर्यावरणस्नेही कार्यालय’ अशी पाटी. लोक पाटीशेजारी उभे राहून सेल्फी काढत होते. आमच्या दारातल्या पाटीसोबत आजवर कुणी फोटो काढलेला नाही. उलट पाटी दिसली की लोक नजर चुकवतात.

बायकोची भाची इंटिरिअर डिझायनर आहे. तिला बोलावलं. तिने काचेला हात लावला, लगेच काढला आणि म्हणाली, “काका, काचेवर बाहेरून सावली करा. आतून पडदा ओढून उपयोग नाही, तोवर ऊन आत आलेलं असतं. एसीच्या जाळ्या धुऊन घ्या. एसी अठरावरून सव्वीसवर न्या आणि जोडीला पंखे लावा. नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटवर चालतात, तुमचे हे जुने पंचाहत्तर खातात. आणि टेबलं आहेत ती राहू द्या, सागवानी आहेत.”

“आणि?”

“झालं की.”

मला हे मुळीच पटलं नाही. धुतलेली जाळी आल्यागेल्याला दाखवणार कशी? “यात डिझाइन कुठंय?” असं मी विचारलं, तेव्हा तिने केंद्र सरकारच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचं नाव काढलं. पहिली संहिता 2007 साली आली, सुधारित 2017 साली. पण ती 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी. आमच्या ऑफिसचा मंजूर भार सात. म्हणजे कायदा आम्हाला लागूच नव्हता. मला एकदम हुरूप आला. लागू असलेल्या कायद्यातून लोकांना सोडवण्यात माझी हयात गेली. लागू नसलेला कायदा पाळण्याची संधी कधी आलीच नव्हती.

भाचीला चहा पाजून वाटेला लावलं आणि कामाला लागलो.

पहिला बळी टेबलांचा. वडिलांच्या वेळची सागवानी टेबलं जुन्या बाजारवाल्याला किलोच्या हिशेबात वाटावं अशा दरात दिली. त्यांच्या जागी ‘पुनर्वापरित सागवान’ बसवलेली नवी टेबलं आली, ती मात्र सोन्याच्या हिशेबात. माझ्या नव्या टेबलाच्या कोपऱ्यात एक जुना शाईचा डाग आहे. वडिलांच्या टेबलावरही तिथेच होता. हे मी घरी बोललेलो नाही.

मग झाडांची भिंत. झाडं हवा शुद्ध करतात, असं मी प्रत्येकाला सांगत होतो. ‘नासा’ने केलेल्या प्रयोगाचा दाखलाही द्यायचो. तो 1989 सालचा प्रयोग बंद पेट्यांमध्ये केला होता, हे मला भाचीने नंतर सांगितलं. खऱ्या खोलीत तसा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि वेळ पडली तर हजार झाडं लागतील, असा हिशेब 2019 साली संशोधकांनी मांडला आहे. म्हणजे ऑफिसात झाडंच बसतील, आम्ही बाहेर. भिंतीला पाण्याचा पंप, कोपऱ्यातल्या झाडांना उजेडासाठी खास दिवे, आणि पाण्यावर डास झाले म्हणून डासांचं मशीन. वीज वाचवण्याच्या मोहिमेत विजेवर चालणाऱ्या तीन नव्या वस्तू आल्या, आणि तिन्ही रविवारीसुद्धा चालू.

पण खरी शोभा झाली ती सेन्सरने. माणूस असेल तर दिवे लागणार, नसेल तर विझणार. हा सेन्सर माणूस बघत नाही. अंगातून निघणारी उष्णता इकडून तिकडे सरकली की तेवढं त्याला कळतं. आमचे नाना वडिलांच्या काळापासून हिशेब लिहितात. ते खतावणीवर बसले की फक्त बुबुळं हलतात. दर काही मिनिटांनी सेन्सर नानांना अनुपस्थित ठरवायचा आणि ऑफिसात काळोख व्हायचा. मग नाना मान वर न करता डावा हात आरतीसारखा ओवाळायचे. उजव्या हाताची बेरीज चालूच.

माझ्या केबिनची तऱ्हा त्याहून न्यारी. तिला काचेचं पार्टिशन आहे आणि वायरमनने सेन्सर पार्टिशनच्या बाहेर लावला होता. मी आत हातवारे करतोय, उठाबशा काढतोय, सेन्सर ढिम्म. कारण काचेतून ऊन येतं, पण अंगाची उष्णता तिच्यातून आरपार जात नाही. पश्चिमेची काच दुपारभर हेच करत होती. ऊन आत घ्यायचं, त्याने टेबलं-फायली तापवायच्या आणि त्या तापलेल्या वस्तूंची ऊब आतच कोंडायची. माझ्या ऑफिसचं सगळं दुखणं त्या सेन्सरने मला फुकटात समजावून सांगितलं होतं. मी वायरमनवर ओरडत होतो.

अशाच एका दुपारी एक क्लायंट आला आणि दार लावून, आवाज खाली आणून एका रोखीच्या व्यवहाराबद्दल सांगू लागला. आकडा ऐकून मी स्तब्ध झालो. बाहेर नाना नेहमीप्रमाणे स्तब्ध होतेच. सगळे दिवे एकदम गेले. “धाड!” एवढंच तो बोलला. दिवे लागले तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती आणि पुनर्वापरित सागवानाखालून त्याची टाच दिसत होती.

बिल आलं, ते वाढून. तेव्हा कुठे मी कागद घेतला. आठ एलईडी ट्यूब, अठरा वॅटच्या. तासभर विझल्या तर पाव युनिटही वाचत नाही. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला दीडेक युनिट खातो, आणि आमच्याकडे तो अठरावर, तुंबलेल्या जाळीतून, काचेच्या भिंतीशी कुस्ती खेळत होता. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं, एक अंश वर नेलात तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच 2020 पासून नवे एसी मुळात चोवीसवर चालू होतात. आमचाही तसाच व्हायचा. रोज सकाळी मी स्वतःच्या बोटाने त्याला खाली आणायचो. दुसऱ्यांच्या पावत्यांतला रुपया शोधणाऱ्या माणसाला हे गणित सुचलं नाही, यावर नाना काही बोलले नाहीत. नानांचं न बोलणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे.

आता बाहेरून बांबूचे चिक सोडलेत. जाळी धुतली, तेव्हा जाळीला भोकं असतात हे कळलं. एसी सव्वीसवर असतो आणि पंख्याखाली बसायला कुणाला शालही लागत नाही. चिकांमुळे इमारतीचं एलेव्हेशन बिघडतं, अशी कॉम्प्लेक्सच्या कमिटीची नोटीस आली आहे. तिला मी तारखा मागतोय, ते मला चांगलं जमतं.

परवा वायरमनचं बिल आलं. सेन्सर बसवण्याचे जितके, त्याच्या दीडपट काढण्याचे. शिवाय पंप, खास दिवे, झाडं, टेबलं. नानांनी सगळ्या पावत्या एकत्र टाचल्या.

“बाळासाहेब, हे दुरुस्ती-देखभालीत टाकू की फर्निचरमध्ये?”

मी म्हटलं, तुम्हीच बघा.

नानांनी पेन उचललं आणि सगळी रक्कम जाहिरात खर्चात लिहिली.