न खपलेला कादंबरीकार

ज्याच्या कादंबरीच्या प्रती घराबाहेर कमी आणि घरात जास्त, तो न खपलेला कादंबरीकार. हा सहसा निवृत्त शिक्षक असतो. लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. ‘प्रसिद्ध साहित्यिक’ तो फक्त निमंत्रणपत्रिकेत असतो, तेही पत्रिकेचा मजकूर त्यानेच लिहून दिला असेल तर.

त्याच्या दोन-तीन कादंबऱ्या स्वखर्चाने छापलेल्या असतात. काही प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून जातात, काही गावोगावच्या ग्रंथालयांत पडतात, उरलेल्या माळ्यावर चढतात. भेट गेलेली प्रत चटकन ओळखू येते. दहा वर्षांनीही तिची पाने एकमेकांना चिकटलेली असतात. एरवी या गठ्ठ्यांचा कोणाला त्रास नसतो. सोयाबीन घरात येते तेव्हा मात्र बायको म्हणते, “तुमच्या बुकायपायी पोते ठिवाले जागा नाई राह्यली.” मग सर चिंतनाला बसतात : जुन्या कादंबऱ्या सुधारायच्या, की नवी लिहायची?

सुधारण्याचा मोह मोठा असतो. मुखपृष्ठावर ‘सुधारित दुसरी आवृत्ती’ असे छापले की पहिली संपली, असा लोकांचा आपोआप समज होतो. पण काम वाटते तितके सोपे नसते. नायक ट्रंक कॉल लावून रात्रभर ताटकळतो. त्याला मोबाइल दिला की विरहाची चाळीस पाने गळतात. नायक-नायिकेचे जमते ते नागपूरहून येणाऱ्या रात्रीच्या एसटीत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि प्रेमाला तेवढा वेळच उरला नाही. लोणार सरोवराकाठचा प्रसंग तर फारच छळतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, म्हणून सरांनी हिरवे पाणी खोडून गुलाबी केले. प्रकरण पुरे होईपर्यंत पाण्याने तो रंग सोडला होता.

नवी लिहावी, या बाजूलाही आधार असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्याच सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ या शेतकऱ्यावरच्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा शेतकऱ्यावर लिहावे, असे सर ठरवतात. पहिले प्रकरण झकास उतरते. तिसऱ्या प्रकरणात जुन्याच कादंबरीतले करारी मुख्याध्यापक नाव बदलून दार ठोठावतात, आणि सातव्यापर्यंत अख्खे जुने गाव नव्या घरात राहायला येते.

दाखलेही दोन्हीकडचे तयार असतात. वॉल्टर स्कॉटने १८०५ मध्ये सुरू करून टाकून दिलेली ‘वेव्हर्ली’ पुढे मासेमारीचे सामान शोधताना त्याला सापडली आणि १८१४ मध्ये गाजली. हे वाचून सर माळ्यावर चढतात आणि शिंकत उतरतात. उलट अमेरिकेतल्या थोरोला प्रकाशकाने १८५३ मध्ये त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या हजारपैकी ७०६ न खपलेल्या प्रती परत केल्या. त्याने त्या घरात रचल्या आणि पुढच्याच वर्षी ‘वॉल्डन’ प्रसिद्ध केले. उशीर झाला असे कोणी म्हटलेच, तर शेजारच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे मदतीला येतात. त्यांचा पहिला संग्रह ‘शीळ’ १९५४ मध्ये, पंचेचाळिशीत निघाला. सरांनी बासष्टी गाठली आहे, हा तपशील या वादात घेतला जात नाही.

खरी अडचण वेगळीच असते. सुधारायचे तर चुकले कुठे ते कळले पाहिजे, आणि ते सांगायला कोणीतरी पुस्तक वाचलेले पाहिजे. गावातले अभिप्राय ठरलेले : कव्हर झकास आहे, अक्षर बारीक आहे, कागद भारी वापरला. एवढ्यावरून फार तर छापखाना बदलता येतो. नव्या कादंबरीलाही हेच लागू पडते, कारण जुनीत काय चुकले हे न कळताच ती लिहिली जाते.

म्हणून निर्णयाआधी एकच काम उरते. भिडेखातर खोटे न बोलणाऱ्या माणसाला जुनी प्रत द्यावी आणि तो कुठे थांबला ते पाहावे. मध्यावर थांबला तर ते पान सुधारावे. पहिल्याच पानावर थांबला तर नवी लिहावी. असा माणूस सरांच्या घरातच असतो, पण तिला प्रत द्यायचे धाडस अजून झालेले नाही. तोवर सोयाबीनची पोती ओसरीत राहतात.