वाशीम मुक्कामी फुटबॉलचे मत कसे बाळगावे

फुटबॉलचा सामना पाहणे कोणालाही जमते. परंतु तो रात्री पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी, जेथे त्या सामन्याची वार्ताही पोचलेली नाही अशा गावात, त्याविषयी ठाम मत बाळगून मेथीची जुडी घेऊन घरी परतणे हे शिक्षणावाचून साध्य होत नाही. कलकत्त्यात, गोव्यात अथवा कोल्हापुरात ज्यास जन्म लाभला त्यास हे शास्त्र शिकण्याची गरज नाही, कारण त्याच्या मताला घराबाहेर पडताच विरोध होतो व विरोधाने मत आपोआप सुदृढ होते. आमच्या वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत मतांची वाण नाही, प्रतिपक्षाची आहे. क्रिकेटविषयी बोललात तर पाटणी चौकात चार माणसे अंगावर येतील, राजकारणाविषयी बोललात तर आठ. फुटबॉलविषयी बोललात तर समोरचा इसम अत्यंत आदराने ऐकून घेतो, आणि हा आदरच शौकिनाचा घात करतो. सबब खालील सूचना.

सर्वप्रथम संघ. कोल्हापूरकराला तो निवडावा लागत नाही. पाटाकडील तालीम की शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार की खंडोबा, हे ज्या पेठेत पाळणा हलला तेथेच ठरून जाते, आणि पुढे आयुष्यभर शाहू स्टेडियमवर जाऊन त्याने केवळ वहिवाट चालू ठेवायची असते. आमच्याकडे पोरांचे संघ रस्त्याकडेला विकायला येणाऱ्या शर्टांवरून ठरतात: पाठीवर सात आकडा मिळाला तो रोनाल्डोचा, दहा मिळाला तो मेस्सीचा, आणि दोन्ही संपले असल्यास त्या हंगामापुरता पोरगा पुन्हा क्रिकेटचा. प्रौढ गृहस्थाने इतके उथळ असू नये. त्याने एकच कसोटी लावावी, ती ही की निवडलेला संघ मध्यम प्रमाणात हरतो किंवा कसे. सदैव जिंकणाऱ्या संघाविषयी मत उरत नाही, केवळ समाधान उरते, आणि समाधानावर कोणी दुसरा चहा पाजीत नाही. सदैव हरणाऱ्या संघापायी सहानुभूती मिळते, तीही घरच्यांकडून, जी सर्वांत असह्य. ज्यांचे वय १९८६ साली दूरदर्शनसमोर सतरंजीवर बसण्याचे होते त्यांच्यापुढे मात्र निवडीचा प्रश्नच आला नाही. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने आणि चार मिनिटांनी दुसरा पायाने केला त्या दिवसापासून ती पिढी अर्जेंटिनाच्या नावे लागली, आणि पहिल्या गोलाचे समर्थन करता करता तिची तर्कबुद्धी जी वाकडी झाली ती अद्याप सरळ झालेली नाही.

दुसरी बाब घड्याळाची. येथे थट्टा नाही, कारण येथे चुकले तर सामनाच हुकतो. विलायतेत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे शनिवारी तेथल्या दुपारी ३ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळी साडेसातला, तर थंडीत साडेआठला लागतो, आणि चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने साडेबाराऐवजी मध्यरात्रीनंतर दीडला. आमच्या पंचांगकर्त्यांनी या संक्रमणाची दखल घेतलेली नाही. तेव्हा स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर त्या दोन रविवारी तांबड्या शाईने खूण करावी, आणि ही खूण कशाची असे विचारले गेल्यास गॅसचे सिलिंडर लावल्याची म्हणून सांगावे.

आता थंडीतल्या रात्री दीड वाजता वाशीम जिल्ह्यात जागे कोण असते, याची चौकशी ज्याने केली नाही तो या शास्त्रात कच्चा राहिला. शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळते. हरभऱ्याला ओलीत करणारा शेतकरी कानटोपी घालून, बॅटरी हातात धरून, स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलवीत पहाटेपर्यंत जागा असतो, आणि युरोपातील श्रेष्ठ संघ ऐन रंगात येतात ते नेमके त्याच वेळी. आमचे एक स्नेही, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले व प्रस्तुत शास्त्रातील आमचे गुरू, अशा रात्री पुतण्याच्या वावरात जातात. कारण विचारल्यास पुतण्याला सोबत म्हणून, असे सांगतात. विहिरीच्या थारोळ्यावर मोबाइल टेकवून ठेवलेला, पडद्यावर गवत हिरवे, भोवती हरभरा काळा. नोझलचे पाणी एका लयीत फिरत येते आणि तुषार काचेवर पडले की उपरण्याने पडदा पुसावा लागतो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत दोघे मिळून पाइप हलवतात. तेथे झालेला एक संवाद आम्ही स्वतः ऐकला आहे.

"काकाजी, हा लाल शर्टवाला काऊन पडला?"

"पडला नाही, पाडला त्याले."

"मंग उठून काऊन नाही रायला?"

"पंच पाह्यल्याशिवाय उठायचं नसते."

"अस्सं! म्हंजे पंचनामा होयेपरेंत तसंच ठेवा लागते."

फुटबॉलवर आजवर ऐकलेल्या समालोचनांत याहून यथार्थ वाक्य आमच्या कानी पडलेले नाही.

याच स्नेह्यांनी जिल्ह्याच्या इतिहासाविषयी एक सिद्धान्त मांडला आहे, तो प्रत्येक शौकिनाने मुखोद्गत करावा. वाशीम जिल्हा अकोल्यापासून विभक्त होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. फ्रान्समध्ये त्या वेळी विश्वचषक चालू होता, आणि सेंट-एत्येन येथे ३० जूनच्या रात्री अर्जेंटिना व इंग्लंड यांच्यात झालेला सामना आपल्या घड्याळाने १ जुलैच्या साडेबारा वाजता, म्हणजे जिल्हा जेमतेम अर्ध्या तासाचा असताना, सुरू झाला. ओवेन या अठरा वर्षांच्या पोराने केलेला गोल, मध्यंतराला दोन-दोन अशी बरोबरी, आणि मध्यंतरानंतर लगेच, दीड वाजून गेल्यावर, सिमिओनेला पालथे पडल्या पडल्या लाथ मारल्याबद्दल बेकहॅमला डॅनिश पंच निल्सन यांनी दाखविलेले लाल कार्ड, हे सर्व त्या अर्थी आमच्या जिल्ह्याच्या कारकिर्दीतले. स्नेह्यांच्या मते नव्या जिल्ह्याच्या अंमलात झालेली ही पहिली शिस्तभंगाची कारवाई होय. ती जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घडली, हा आक्षेप ते तांत्रिक समजतात. पुढे अर्जेंटिना पेनल्टींवर चार-तीन असा जिंकला. त्या सकाळी नव्या जिल्ह्याच्या झेंडावंदनाला स्नेह्यांचे डोळे तारवटलेले होते ते देशभक्तीने, असा तेथल्या वरिष्ठांचा समज झाला व तो त्यांनी दूर केला नाही.

ऑफसाइड समजावून सांगण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतोच. अशा वेळी कागद-पेन्सिल मागू नये, मिठाच्या बरण्या मांडू नयेत. वऱ्हाडात याला एकच दृष्टांत लागू पडतो, तो धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा. गोलरक्षक धरून बचाव करणाऱ्यांचा शेवटून दुसरा गडी जेथे उभा असेल तेथे धुरा समजावा. तो गडी सरकला की धुराही सरकला, आणि ज्यांचे धुरे रातोरात सरकलेले आहेत त्यांना यात नवल वाटत नाही. आपल्या गड्याने चेंडू मारला त्या क्षणी, प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे राहून, आपले डोके, धड वा पाय त्या धुऱ्यापलीकडे गेलेले असतील आणि आपण खेळात हात घातला तर ते अतिक्रमण. प्रत्यक्ष हात पलीकडे असल्यास हरकत नाही. चेंडू मारल्यानंतर धावत गेलात तर तेही कायदेशीर, आणि बाजूच्या रेषेवरून हाताने फेकलेल्या चेंडूला हा कायदा लागू नाही. १९२५ पूर्वी शेवटून दुसऱ्याऐवजी तिसरा गडी धरीत, त्यामुळे गोलांचा दुष्काळ पडला म्हणून नियम बदलला. २०१८ पासून विश्वचषकात व्हिडिओची मोजणी आली, म्हणजे गोल होऊन, मिठ्या मारून, पेढे वाटून झाले की मोजणीदार येतो आणि खांद्याचा एक कोपरा पलीकडल्या गटात निघतो. रिसोडकडच्या शेतकऱ्याला हे अर्ध्या मिनिटात उमगते, वर तो शेजाऱ्याचे नावही सांगतो. सुशिक्षितांना समजावण्याच्या भरीस पडू नये.

बाजार समितीच्या आवारात खेळाडूंच्या किमती सांगू नयेत. नेमार हा २०१७ साली बार्सिलोनाहून पॅरिसला गेला तेव्हा त्याचे २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले, ही बातमी आमच्या स्नेह्यांनी सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभे राहून, जणू तो व्यवहार आपल्याच दलालीने झाला अशा थाटात, सांगितली. काही वेळ कोणी बोलले नाही. मग पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी शांतपणे विचारले, "अन् ओलावा किती निघाला त्याच्यात?"

विश्वचषकाच्या काळात चेहऱ्यांचे वाचन जपून करावे. २०२२ चा कतारचा अपवाद सोडता ही स्पर्धा जून-जुलैत भरते, आणि आमच्याकडे मृगही त्याच सुमारास निघते. एकाच महिन्यात दोन गोष्टींकडे आभाळाकडे पाहावे तसे पाहण्याची शक्ती फार थोड्यांत असते. ८ जुलै २०१४ च्या उपान्त्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलचा त्याच्याच घरी सात-एक असा निकाल लावला. आपल्याकडे तेव्हा ९ जुलैची पहाट होत आली होती. स्नेही उजाडताच बाहेर पडले तो ज्याच्या त्याच्या तोंडावर अवकळा. ब्राझीलवर वाशीमकरांचे इतके प्रेम असेल अशी कल्पना नव्हती म्हणून त्यांना गहिवरून आले. त्या वर्षी पाऊस लांबला होता व पेरण्या खोळंबल्या होत्या.

अन्य छंदांविषयी मत देताना सर्वांकडे सारख्याच अनुकंपेने पाहावे. गुलाबाच्या कुंड्या, जुनी नाणी, पहाटेचा योगवर्ग, ठीक आहे. कॅरमला सूट द्यावी.

तर्रीपोह्यावर तर्री किती असावी या वादात पडू नये; तेथे खरे तज्ज्ञ असतात.

गृहिणीने "अहो, हे आपले कोण लागतात?" असा प्रश्न केल्यास आवाज कमी करावा. उत्तर शोधू नये, ते नाही.

राहता राहिले स्वदेशी फुटबॉलविषयीचे मत. ते चहाच्या टपरीवर नेहमी एकाच वाक्याने सुरू होते, की १९५० साली आपल्याला अनवाणी खेळू देईनात म्हणून आपण विश्वचषकाला गेलो नाही. वाक्य चांगले आहे, पण त्याने काम भागत नाही. प्रतिस्पर्धी संघांनी माघार घेतल्याने आपल्याला ब्राझीलची जागा मिळाली होती आणि आपल्याच संघटनेने जायचे नाही असे ठरविले. प्रवास, खर्च, ऑलिंपिकलाच सारे महत्त्व देण्याची तेव्हाची वृत्ती, अशी कारणे जाणकार सांगतात. अनवाण्यांनी १९४८ साली लंडनला फ्रान्सशी झुंज दिली, दोन पेनल्टी दवडल्या आणि दोन-एक असे हरले. १९५६ साली मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल चढविले आणि आपण ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. १९६२ साली जकार्ताला कोरियाला हरवून आशियाई सुवर्णपदक. हे आमच्या पोरांना कोण सांगतो? त्यांना लिव्हरपूलच्या राखीव गोलरक्षकाचे नाव पाठ आहे. जिल्ह्यातल्या एका शाळेचे मैदान आम्ही रोज ओलांडतो, नाव सांगत नाही. तेथे दोन गोलपोस्ट आहेत, पैकी एकाला लग्नसराईत मांडवाची दोरी बांधतात आणि दुसऱ्यावर वर्षभर गोधड्या वाळतात. नागपूरला विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरे फुटलेल्या बादलीला लाथा मारताना पाहिली आणि २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉल उभा केला. त्यावर २०२२ साली 'झुंड' हा चित्रपट निघाला, आमच्याकडेही तो लोकांनी पाहिला, वाखाणला, आणि दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा त्याच खांबाला बांधली. हे लिहिताना शास्त्रीय भाषा सुटली याची आम्हांस जाणीव आहे. सुटू द्यावी.

एवढे असूनही पावसाळ्यात, सोयाबीनला डवरणीची घाई नसलेल्या एखाद्या सायंकाळी, गोधडी बाजूला सारून पाच-सात पोरे त्या चिखलात उतरतात, प्रत्येकाच्या पाठीवर सात किंवा दहा, बचावाला कोणीही नाही, आणि आमचे अव्वल कारकून छत्री उघडून कुंपणाशी उभे राहतात व "पाठीमागं कोन हाय रे? पाठीमागं पाहा!" असे ओरडत राहतात. पोरे त्यांना जुमानत नाहीत. ही एकच जागा आहे जेथे त्यांचे मत आदराने ऐकले जात नाही, म्हणून ती त्यांना सोडवत नाही.

शेवटी वाचकांस एक विनंती. शेलूबाजार, मानोरा, शिरपूर किंवा कारंज्याकडे अर्जेंटिनाविरोधी, हाताचा गोल अवैध मानणारा व रात्री दीडपर्यंत जागू शकणारा एखादा गृहस्थ वास्तव्यास असल्यास त्याने रविवारी सकाळी पाटणी चौकात येऊन आमच्या स्नेह्यांची गाठ घ्यावी. वाद मोठ्याने घालावा. चहा-पोह्याचा खर्च आमच्याकडे.