टिकी बारला जाताना : मारेगावकरांसाठी पहिले धडे

आधीच सांगून ठेवतो, मारेगावात टिकी बार नाही. वणीला नाही, पांढरकवड्यालाही नाही. त्यासाठी पोरगा कॅलिफोर्नियात नोकरीला असावा लागतो. आपण सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेलो असतो. देवळं आणि मॉल पाहून संपले, की एका शनिवारी तो म्हणतो, "बाबा, आज तुम्हाला हवाईला नेतो." विमान कितीचं, असं विचारू नका. गाडीनंच जायचं आहे. हे हवाई म्हणजे एक टिकी बार, सॅन फ्रान्सिस्कोतल्या फेअरमाँट हॉटेलच्या पोटातला.

वाटेत सदऱ्याचं दुकान लागेल. त्या फुलाफुलांच्या सदऱ्याला अलोहा शर्ट म्हणतात. होनोलुलूच्या एलरी चुन नावाच्या दुकानदारानं 1930च्या दशकात हे नाव नोंदवून घेतलं. गोव्याच्या सहलीत घेतलेला आणि नंतर ट्रंकेच्या तळाशी गेलेला तुमचा सदरा तोच. तो सोबत आणायला हवा होता. इथले बरेचसे रेयॉनचे असतात. कापसाच्या तालुक्यातल्या माणसानं उगाच कापड चिमटीत धरून भाव विचारू नये, आणि डॉलरचे रुपये तर मुळीच करू नयेत.

दारात कोणी गळ्यात प्लास्टिकच्या फुलांची माळ घातली, तर सत्कार समजून दोन शब्द बोलायला उभे राहू नका. "अलोहा" म्हणा. हा शब्द आपल्या रामरामसारखा आहे, येतानाही चालतो आणि जातानाही.

आता टिकी. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांत टिकी हा पहिला माणूस. पॉलिनेशियातल्या बेटांवर देवांच्या आणि पूर्वजांच्या लाकडी मूर्ती कोरतात, त्यांनाही हेच नाव पडलं. बारमध्ये याच मूर्तीच्या आकाराचा चिनी मातीचा पेला येतो. डोळे वटारलेले, दात विचकलेले आणि डोक्यात नळी खुपसलेली. आपला गणपती कोणी चपलेवर छापला तर आपण मोर्चा काढतो. तेव्हा पेल्यावर हसण्याआधी थोडं थांबा.

मुळात हा सगळा प्रकार अमेरिकेच्या मुख्य भूमीवर रचलेला. 1930च्या दशकात हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट या माणसानं बांबू आणि रम यांच्या जोरावर 'डॉन द बीचकोंबर' चालवलं. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉननं ते पाहून स्वतःचं 'ट्रेडर व्हिक्स' थाटलं. 1944 साली माय ताय आपणच केली, असं व्हिक सांगे. डॉन, म्हणजे गँट, म्हणे, मूळ कृती माझी. माय ताय म्हणजे रम, लिंबू, संत्र्याची लिकर आणि बदामाचं सरबत. झोंबी नावाचं पेय मागवणार असाल तर ऐका, खुद्द डॉन एका गिऱ्हाइकाला दोनच देत असे. हवाईयन पिझ्झाच्या भानगडीत पडू नका. तो 1962 साली कॅनडात एका ग्रीक माणसानं केला.

खरा धडा पुढेच आहे. फेअरमाँटमधल्या या बारचं नाव टोंगा रूम. हॉटेलचा जुना पोहण्याचा तलाव होता, त्याभोवती 1945 साली हा बार उभा राहिला. वाजंत्री मंडळी त्या पाण्यात तराफ्यावर बसून गातात. मधूनच ढग गडगडतात, वीज चमकते आणि छतातून पाऊस पडतो. थोड्या वेळानं पुन्हा पडतो. ठरल्या वेळी.

इथं नवशिका हमखास चुकतो. मृगात पेरून जुलैभर आभाळाकडे पाहत बसलेल्या कोरडवाहू माणसाच्या तोंडून "सोयाबीनला बरा आहे" असं निघून जातं आणि सून खाली पाहते. तसं होऊ देऊ नका. उठून नळाची जोडणी शोधू नका, याला खंड पडतो का असं वेटरला विचारू नका. दुबार पेरणीची गोष्ट तर काढूच नका, पोरानं टेबल आठवडाभर आधी धरून ठेवलेलं असतं. लोक टाळ्या वाजवतील तेव्हा तुम्हीही वाजवा.

छत्री नेऊ नका. पाऊस फक्त तळ्यावर पडतो, आणि कागदाची एक छत्री बहुतेक पेल्यातच मिळते.