शनिवार-रविवारचा शिलेदार

मराठेशाहीच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीत यायचा. इंग्लंड, पोलंड, स्वीडन, अमेरिका अशा देशांत दर उन्हाळ्यात मध्ययुगीन युरोपातलं चिलखत चढवून माळावर लढायला उतरणारा जो हौशी माणूस आहे, त्याला हा दुसरा शब्द चपखल बसतो. सोमवार ते शुक्रवार तो विमा कंपनीत, शाळेत किंवा कुठल्याशा पडद्यापुढे बसलेला असतो. शनिवारी पहाटे गाडीच्या डिकीत वीस-पंचवीस किलो पोलाद, दोन लाकडी पेट्या, तंबूचे खांब आणि कांबळी कोंबून निघतो. खर्च सगळा पदरचा. घोडा तेवढा नसतो. तो डिकीतही मावत नाही आणि पगारातही.

हा माणूस दिसला की लोकांचं निदान तयार असतं. याच्या अंगात लढाईची खुमखुमी आहे, किंवा याला आजचा काळ सोसत नाही, किंवा लहानपणी याच्या हातातली लाकडी तलवार वेळेवर कोणी काढून घेतली नाही. तिन्ही निदानं मला चुकीची वाटतात. वेष योद्ध्याचा असला तरी आत बसलेला असतो तो दप्तरदार. त्याला शत्रू मिळाला नाही तरी चालतं. पुरावा मिळाला नाही तर झोप लागत नाही.

त्याच्या कपड्यांपासूनच पाहा. आपण शिंप्याला मापं देतो. याला मापं देतात ती मेलेली माणसं. 1936 साली स्वीडनमध्ये बोक्स्टेन इथल्या दलदलीत एका माणसाचे अवशेष सापडले. चौदाव्या शतकात त्याला मारून, अंगातून खुंट ठोकून तिथे पुरलं होतं. पोलिसांच्या लेखी हे खूनप्रकरण, शिलेदाराच्या लेखी मात्र अंगरखा, झगा, पायमोजे आणि लांब शेपटीची टोपी असा सबंध पोशाख. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत 1921 साली उत्खनन झालं, तेव्हा प्रेतांना गुंडाळलेले लोकरी अंगरखे निघाले. त्यांच्या कळ्या कुठून सुरू होतात, बाही खांद्याला कशी जोडली आहे, हे या मंडळींना तोंडपाठ असतं. चिलखताची गोष्ट याहून करुण आहे. जुलै 1361 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या फौजेने गोटलंड बेटावरच्या विस्बी शहराबाहेर तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळ्यामुळे घाईघाईने खड्डे खणून प्रेतं चिलखतासकट पुरावी लागली. एरवी मेलेल्याच्या अंगावरचं लोखंड कोणी जमिनीत जाऊ देत नसे, म्हणून हा ठेवा इतका दुर्मिळ. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले गेले, चिलखतांना क्रमांक पडले. आपल्याकडे जमीनजुमल्याची माणसं गट नंबर सांगतात, तसे शिलेदार एकमेकांना विस्बीचे क्रमांक सांगतात. मेलेल्यांपैकी कित्येकांचं चिलखत त्या काळीही जुनाट झालेलं होतं, हे ते आवर्जून सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. शौर्याच्या गोष्टी सांगताना तो तसा येत नाही.

पुरावा हाच देव झाला की देवाचीही पंचाईत होते. तेराव्या शतकातला पोशाख करणाऱ्यांचा वेद म्हणजे 1250 च्या सुमाराची, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेलं एक सचित्र बायबल. कड्यांची बख्तरं, शेतकऱ्यांच्या चड्ड्या, तंबूंच्या दोऱ्या, सगळं त्यात बारकाईने रंगवलेलं. पण चित्रं आहेत ती राजा सौल आणि दावीद यांची, म्हणजे त्या चित्रकारांच्याही आधी दोन हजारांहून अधिक वर्षं होऊन गेलेल्या माणसांची. चित्रकारांनी त्यांना बिनदिक्कत आपल्या काळातल्या फ्रेंच सरदारांचे कपडे चढवले. ज्यांना ऐतिहासिक अचूकपणाची दमडीइतकी फिकीर नव्हती, त्यांच्या चित्रांवर आज अचूकपणाची सारी इमारत उभी आहे. शिलेदाराला हे ठाऊक असतं. तो हसतो, आणि पान उलटून बुटाची नाडी तपासतो.

मध्ययुगात माणसाची पत जन्मावरून ठरायची, इथे ती टाक्यावरून ठरते. दोन अनोळखी शिलेदार छावणीत भेटले की नजर आधी तोंडाकडे जात नाही; ती बुटाकडे, मग पट्ट्याच्या बकलाकडे, मग अंगरख्याच्या किनारीकडे जाते. सभ्य माणूस नजरेवर थांबतो. जो थांबत नाही तो वाकून, दोन बोटांनी समोरच्याची किनार उलटून बघतो. टाके एकसारखे आणि मुंगीएवढे निघाले तर मशीनची शिवण, म्हणजे चेहऱ्यावर किंचित सहानुभूती. टाके तिरके, थोडे कमीजास्त, मेण लावलेल्या जवसाच्या दोऱ्याचे निघाले तर आदर. बहुतेकांनी मधला मार्ग काढलेला असतो: आतली शिवण मशीनवर, दिसणारी हाताने. अशा तपासनिसांना इंग्रजीत धागे मोजणारे म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा उमटलेला असला तर त्याचाही कटाक्षात हिशेब होतो. चष्म्याचा प्रश्न त्याहून नाजूक. चौदाव्या शतकात चष्मा होता. इटलीत त्रेविझो इथे 1352 च्या भित्तिचित्रात एक धर्मगुरू तो नाकावर लावून वाचत बसलेला आहे. म्हणजे चष्म्याला पुरावा आहे. पण तो धर्मगुरू, आणि आपला गडी भालाईत! शेवटी कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या जातात आणि त्या विषयावर कोणी बोलत नाही.

इथे पहिली हरकत येते. सगळ्यांना सरदारच का व्हायचं असतं? त्या काळी बहुतेक माणसं नांगर धरत होती. नवख्याच्या बाबतीत हरकत रास्त आहे. त्याला पहिल्याच वर्षी नखशिखांत पोलाद हवं असतं, आणि ते चढवायला दुसरा माणूस लागतो हे तो विसरतो, कारण पाठीमागच्या बंदांच्या गाठी स्वतःच्या हातांनी मारता येत नाहीत. पायमोजेही अंगरख्याखालच्या कापडी जाकिटाला बांधलेले असतात, त्यामुळे सकाळी दोन पेले जास्त पाणी प्यायलेला सरदार दुपारी फार विनम्र होतो. पण जुन्या खोडांकडे पाहा. पंधरा वर्षं मुरलेला माणूस पोलाद विकून टाकतो आणि गरीब तिरंदाज होतो, नाही तर चुलीपाशी बसून सकाळपासून पळीने एकच कालवण ढवळत राहतो. त्याच्याजवळ एक सुरी, एक लाकडी वाडगा आणि एक ठिगळाची टोपी असते, पण तिन्हींना पुरावा असतो. छावणीत सर्वांत मोठा मान त्याचा.

लढाईचं तर विचारूच नका. योद्ध्याला जिंकायचं असतं. पोलंडमधल्या ग्रुनवाल्डच्या मैदानावर 15 जुलै 1410 रोजी पोलिश आणि लिथुआनियन फौजांनी ट्युटॉनिक सरदारांचा धुव्वा उडवला. त्यांचा प्रमुख उलरिख फोन युंगिंगन तिथेच पडला. आता दर जुलैत शेकडो माणसं तीच लढाई पुन्हा लढतात, हजारो बघतात, आणि उलरिख दर वर्षी पडतो. हेस्टिंग्जच्या लढाईत 1066 पासून हॅरॉल्ड राजाचा निकाल बदललेला नाही. ट्यूक्सबरीला लँकेस्टरवाले 1471 साली हरले ते आजतागायत हरतच आहेत. आणि तरीही हरणाऱ्या बाजूला माणसं कमी पडत नाहीत. हरायचंय हे ठरलेलं असताना वर्षभर कवायत करणारा माणूस खुमखुमीचा नसतो. त्याला नीट हरायचं असतं, जिथे हरले त्याच बाजूने आणि जमलं तर त्याच बुटांत. मरण्याच्या वेळेबाबत मात्र थोडी मोकळीक असते. तीस अंशांच्या उन्हात लोखंडाच्या आत उकडणारा वीर सावलीजवळ पोचला की त्याला प्राणघातक घाव फार लवकर लागतो.

कोणी म्हणेल, खरे लढणारेही आहेत की. आहेत. बोथट पण खऱ्या पोलादी हत्यारांनी पूर्ण जोर लावून एकमेकांना हाणणारे, हाडं मोडून घेणारे संघ आहेत, त्यांच्या देशोदेशींच्या स्पर्धा होतात, आणि तिथे निकाल 1410 साली लागलेला नसतो. माझ्या दप्तरदाराच्या सिद्धांताला हा घाव बसतो खरा. पण त्या आखाड्यात उतरण्याआधीसुद्धा चिलखत कुठल्या काळातलं, कुठल्या मुलुखातलं याची तपासणी होते. म्हणजे नाक फोडून घ्यायचं तरी कागदपत्रं आधी! अमेरिकेतली या हौशींची मोठी संस्था तर 1966 साली बर्कलीच्या एका परसदारातल्या मेजवानीतून जन्मली. मध्ययुग होतं तसं नको, असायला हवं होतं तसं हवं, अशी तिची मोकळी भूमिका. तिथे हत्यारं वेताची (आपल्याकडे तो मास्तरांच्या हाती असायचा), राजा लढतीतून निवडला जातो, आणि घाव खरा बसला की नाही हे ज्याला बसला तोच सांगतो. आपल्या क्रिकेटमध्ये हा नियम आणून पाहावा. पण याच संस्थेत कोणी चीज किंवा चामड्याची पिशवी करून स्पर्धेत ठेवली, की परीक्षक आधी शेजारचं टिपण वाचतात: आधार काय, कुठल्या हस्तलिखितातला.

दुसरी हरकत अधिक वजनाची आहे. हे सगळं निवडक आहे. प्लेग नाही, हगवण नाही, सावकार नाही, मरणाची भीती नाही, आणि कमरेच्या पिशवीत मोबाइल आहे. हे कबूल करावंच लागतं, आणि शिलेदारही करतो. लसी टोचून, आयोजकांचा विमा उतरवूनच तो मध्ययुगात शिरतो. पण निवड कुठे करायची याचेही त्याचे नियम कडक असतात, आणि ते सर्वांत कडक स्वयंपाकात. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका हे सगळं अमेरिकेतून, म्हणजे कोलंबसाच्या 1492 नंतरचं. छावणीच्या कढईत त्याला प्रवेश नाही. हा नियम यादवकाळातल्या देवगिरीला लावला तर काय उरेल ते बघा. मिरची नाही. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, तोही नाही. बटाटा नाही. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिकडचाच. आषाढी एकादशीच्या खिचडीतलं तूप, जिरं आणि मीठ एवढंच परीक्षेला बसू शकतं. पूर्वजांच्या नावाने आपण जे जे श्रद्धेने करतो त्याची अशी झडती घेणारा माणूस गतकाळाच्या प्रेमात आंधळा झालाय, असं कसं म्हणायचं?

आंधळं प्रेम पाहायचं तर मागे जावं लागेल. ऑस्ट्रियाकडच्या उलरिख फोन लिक्टेनस्टाइन नावाच्या सरदाराने आपण 1227 साली व्हीनस देवीचा वेष करून गावोगाव भाल्याच्या झुंजी खेळलो, असं स्वतःच लिहून ठेवलं. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1284 साली वेल्समध्ये आर्थर राजाच्या गोलमेजीचा थाट मांडला. म्हणजे जुन्या काळाचं सोंग काढणं हीच मुळात अस्सल मध्ययुगीन हौस. पुढे 1839 साली स्कॉटलंडच्या एग्लिंटन इथे बड्या घराण्यांतल्या तरुणांनी पुन्हा भाले उचलले. लाखभर माणसं जमली, पाऊस कोसळला, सगळं मखमली मध्ययुग चिखलात बसलं आणि एका उमरावाने छत्री उघडली, असं सांगतात. या सर्वांना थाट हवा होता, पुरावा कोणी मागितला नव्हता. आजचा शिलेदार त्यांचा वारस दिसतो, पण वृत्तीने तो आपल्या वि. का. राजवाड्यांच्या जवळचा आहे. गावोगाव फिरून जुन्या रुमालांतले कागद गोळा करणारे राजवाडे 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापू लागले आणि बखरींवर पोसलेल्या मंडळींना समोर कागद ठेवायला सांगू लागले. फरक इतकाच, की राजवाड्यांनी कागद अंगावर घालून कोणाशी कुस्ती केली नाही. तोंडी केली, ती निराळी.

‘पण याचा उपयोग काय?’ ही तिसरी हरकत, आणि हिचं उत्तर लीड्समध्ये मिळतं. चिलखती सरदाराला क्रेनने घोड्यावर चढवावं लागे, ही समजूत लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1944 च्या ‘हेन्री द फिफ्थ’ चित्रपटाने घरोघर पोचवली. उलट टोकाचे अभ्यासक म्हणत, चिलखत इतकं नीट वाटलेलं असे की ते जाणवतच नसे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लीड्सच्या शस्त्रागार संग्रहालयात लढतींची प्रात्यक्षिकं दाखवणाऱ्या अनुभवी मंडळींना 30 ते 50 किलोंच्या पंधराव्या शतकी घडणीच्या चिलखतांत घालून ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं आणि श्वास मोजला. ताकद जवळपास दुप्पट खर्च होत होती. दोन कारणं निघाली. पायांवर बांधलेलं लोखंड प्रत्येक पावलागणिक उचलावं आणि झुलवावं लागतं, तेवढंच वजन पाठीवरच्या पोत्यात असतं तर इतकं छळत नाही. आणि छातीवरचा पत्रा खोल श्वास घेऊ देत नाही, त्यामुळे माणूस वरचेवर धापा टाकतो. त्या पोशाखात वर्षानुवर्षं वावरलेली माणसं नसती तर ट्रेडमिलवर कोणाला उभं करणार होते? प्राध्यापक तर पहिल्या मिनिटाला आडवे झाले असते.

एक धागा आपल्यापर्यंतही येतो. स्वस्तातली कड्यांची बख्तरं आणि शिरस्त्राणं मोठ्या प्रमाणात भारतात होतात. देहरादूनची हत्यारं या वर्तुळात जुन्या ओळखीची आहेत. म्हणजे यॉर्कशायरमधल्या बाराव्या शतकातल्या धर्मयोद्ध्याचं बख्तर खोक्यातून निघतं तेव्हा त्याला लागलेलं तेल उत्तराखंडातलं असू शकतं. दप्तरदाराला याची लाज वाटत नाही. त्याची तक्रार निराळीच असते: कडीचा रिवेट त्या काळच्या घडणीचा नाही.

रविवारी संध्याकाळी मैदानावरचे मेलेले उठतात, विजेत्यांना पाणी मागतात, आणि घाम सुकण्याआधी पोलादाला तेल चोळत बसतात, कारण खारट ओलावा एका रात्रीत गंज चढवतो. कोणीतरी फोन काढून नवा लेख दाखवतो. आपला शिलेदार ज्या प्रकारची बकलं लावतो, ती आता तीस वर्षांनी पुढच्या काळातली ठरली आहेत. शिलेदार दोनदा वाचतो. मग पेटीतून लहान सुरी काढतो आणि दिवा जवळ ओढून, हाताने घातलेले आपलेच टाके एकेक करून उसवू लागतो. शिट्टी वाजवत.